वाचनालयाची जुनी इमारत दुरुस्त करताना आणि वाढवताना

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे आणि त्यांपैकी फार थोड्यांच्या इमारती मुळात ग्रंथालयासाठी बांधलेल्या आहेत. कोणाला देणगीत वाडा मिळाला, कोणाला नगरपालिकेने मंडईच्या माडीवरच्या दोन खोल्या दिल्या, कोणी देवळाच्या ओवरीत कपाटे मांडून सुरुवात केली. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. एवढ्या दीर्घ आयुष्यात संस्था जागा बदलतात, मजले चढवतात, पडव्या बंदिस्त करतात, आणि अशा प्रत्येक बदलाचा नकाशा दप्तरी सापडतोच असे नाही.

एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी बरीच वर्षे काढली आणि त्या काळात इमारतीचे काम दोनदा निघाले. पहिल्या वेळी आम्ही काय करू नये ते शिकलो. त्या वेळी देणगीदाराला दाखवण्याजोगे काम आधी व्हावे असा सर्वांचाच आग्रह होता. त्यामुळे संदर्भ विभागात नवी फरशी आली, प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत आले, त्यात गोल दिवे बसले आणि उद्घाटनाचे फोटोही चांगले निघाले. वरच्या स्लॅबला असलेली झिरप मात्र तशीच राहिली होती. पूर्वी ती छतावर पिवळ्या डागाच्या रूपाने निदान दिसत तरी होती. आता पाणी खोट्या छताच्या वर साचू लागले, आणि जुलैमधल्या एका सकाळी त्या छताचा तुकडा मासिकांच्या बांधीव खंडांवर कोसळला. कंत्राटदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही जे मागितले तेच त्याने करून दिले होते.

म्हणून या लेखातील क्रम आधी पाणी, मग वजन, मग वाचक आणि शेवटी शोभा असा आहे. कार्यवाह, ग्रंथपाल आणि विश्वस्त यांना वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी स्वतः करता येतील अशी कामे मी मुख्यतः सांगणार आहे, कारण इमारतीचे दुखणे तिथे रोज बसणाऱ्याला जेवढे ठाऊक असते तेवढे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला एका भेटीत कळत नाही.

पाण्याची पाहणी

पाहणी पावसाळ्यातच करावी. मार्चमध्ये केलेली पाहणी ही अंदाजपत्रक भरण्यापुरती असते. पहिल्या मोठ्या पावसात इमारतीचा साधा नकाशा, खडू आणि मोबाइल घेऊन वरपासून खालपर्यंत फिरावे. जिथे ओल दिसेल तिथे भिंतीवर तिच्या कडेने खडूची रेघ ओढून तारीख लिहावी आणि दर आठवड्याला रेघ कुठे सरकली ते पाहावे. वरून खाली येणारी ओल छपराची, गच्चीची किंवा पन्हळीची असते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत चढून तिथेच थांबणारी, मिठासारखे पांढरे फूल धरणारी ओल जोत्यातून येते. खिडकीच्या कोपऱ्यापासून पंख्यासारखी पसरणारी ओल बहुधा छज्जाचा उतार उलटा झाल्याची असते, आणि पाऊस नसतानाही ताजी राहणारी ओल शौचालयाच्या किंवा टाकीच्या नळाची असते. या चार दुखण्यांवर चार वेगळे उपाय आहेत. सगळ्यांवर एकच जलरोधक रंग फासणारा माणूस भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सपाट गच्चीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून तपासावी. आपल्याकडे गच्ची गळू लागली की जुन्या ब्रिकबॅट कोब्यावरच, म्हणजे पाणी अडवण्यासाठी घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावरच, नवा कोबा घालण्याची पद्धत आहे, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यावर आणखी एक थर चढतो. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते, म्हणजे घरगुती स्लॅबवर माणसे आणि सामान मिळून जेवढा भार धरतात जवळजवळ तेवढेच. दोन थर चढले, तर स्लॅबच्या वाट्याचा सगळा भार पाणी अडवण्याच्या नादातच संपलेला असतो. कोपऱ्यात एक लहान खड्डा खणून किती थर आहेत ते मोजावे, आणि एकाहून अधिक असल्यास जुने थर काढूनच नवे काम करावे.

कौलारू इमारतींचे प्रश्न निराळे असतात. मंगलोरी कौले फुटतात, सरकतात, माकडे ती उचकटतात. पण हे सगळे बाहेरून दिसते आणि दर मे महिन्यात छप्पर शाकारून घेतले तर पन्नास वर्षे चालते. कटकटीला कंटाळून लाकडी छप्पर उतरवायचे आणि त्या जागी सपाट स्लॅब टाकायचा, हा निर्णय घेण्यापूर्वी मुंबईच्या काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाचे उदाहरण पाहावे. १८७० च्या त्या दगडी इमारतीचे मूळ उतरते छप्पर विसाव्या शतकात काढून तिथे काँक्रीटचा स्लॅब घालण्यात आला होता. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब उतरवून छप्पर पुन्हा उतरते करण्यात आले. आपल्या पावसात पाणी थांबू न देणारे छप्पर हेच चांगले, आणि ज्या जुन्या भिंतींनी शंभर वर्षे कौलांचे वजन पेलले त्यांना अचानक काँक्रीटचे वजन पेलायला लावणे धोक्याचे असते.

चुन्यात बांधलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे, ही त्याच जातीची दुसरी चूक. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते; सिमेंट तिचे तोंड बंद करते, मग ती ओल आतल्या अंगाला, म्हणजे कपाटांच्या पाठीकडे बाहेर पडते. दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात आणि पुस्तकांना बुरशी लागते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आता शोधावा लागतो आणि तो वेळ घेतो, पण त्याला पर्याय नाही.

पुस्तकांचे वजन

ग्रंथालयाच्या इमारतीची पुस्तकांच्या भाराची बाजू कार्यकारी मंडळाच्या सभेत बहुतेक वेळा निघतच नाही. ती निघावी म्हणून एक प्रयोग सुचवतो. भाजीवाल्याकडून किंवा रद्दीवाल्याकडून काटा आणावा आणि तीन फूट लांबीच्या एका फळीवरील सगळी पुस्तके गठ्ठ्यांनी तोलावीत. आम्ही तोलली तेव्हा कादंबऱ्यांची फळी २३ किलो भरली, चरित्रांची २६ आणि बांधीव साप्ताहिकांची ४० च्या वर गेली. सरासरी २५ किलो धरली, तर दोन्ही बाजूंनी सहा-सहा फळ्या असलेल्या लोखंडी मांडणीत ३०० किलो पुस्तके बसतात आणि मांडणीचे स्वतःचे ५० किलो धरून एकूण वजन ३५० किलो होते. ही मांडणी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आहे आणि दोन मांडण्यांच्या मध्ये तीन फुटांची वाट आहे असे समजा. म्हणजे एका मांडणीच्या वाट्याला साडेतेरा चौरस फूट जमीन येते आणि चौरस फुटाला २६ किलो भार पडतो. राहत्या घराचा स्लॅब साधारण १९ किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. घर म्हणून बांधलेल्या माडीवर पुस्तकांची मांडणी केली, की ती पहिल्याच दिवशी मर्यादा ओलांडते.

पुढे जागा पुरेनाशी झाली की वाट दोन फुटांवर येते, आणि त्याच खोलीत बांधीव खंड गेले की भार चौरस फुटाला ५० किलोंपर्यंत पोहोचतो. भारतीय मानकात ग्रंथभांडारासाठी चौरस मीटरला सहा किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ५६ किलो, एवढा भार धरावा असे सांगितले आहे आणि मांडणी २.२ मीटरपेक्षा उंच असल्यास तो आणखी वाढतो; तो आकडा कुठून आला ते आता कळेल. रुळांवर सरकणाऱ्या मांडण्या बसवल्या तर मधल्या वाटाच नाहीशा होतात आणि भार जवळजवळ दुप्पट होतो. अशा मांडण्या तळमजल्यावरच, आणि तिथेही जमिनीखालची भर नीट दाबलेली असल्याची खात्री करून बसवाव्यात.

इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणी, म्हणजे ज्याला सगळे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात ते, करून घ्यावेच. पण अभियंत्याला केवळ ‘ऑडिट करा’ एवढे सांगू नये. कोणत्या खोलीत किती मांडण्या आहेत, त्यांची वजने किती, वाटा किती रुंद आहेत याचा तक्ता त्याच्या हाती द्यावा आणि प्रत्येक खोलीसाठी सुरक्षित भाराचा आकडा त्याच्याकडून लेखी मागावा. हातोड्याची, ध्वनिलहरींची आणि गरज पडल्यास काँक्रीटचा गाभा काढून करायची चाचणी यांचे निष्कर्ष त्या आकड्यासाठी असतात. आकडा नसलेला अहवाल म्हणजे छायाचित्रांचा अल्बम. लाकडी तुळयांची इमारत असेल तर तुळईचे भिंतीत गेलेले टोक उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. मधून ठणठणीत वाटणारे सागवान भिंतीतल्या ओलीने टोकाला भुगा झालेले असते आणि सगळे वजन त्या टोकावरच असते.

भार जास्त निघाला तर घाबरून जाऊ नये. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जड विभाग खाली आणणे आणि माणसांचे विभाग वर नेणे: बांधीव खंड, कोश आणि संदर्भग्रंथ तळमजल्यावर, वृत्तपत्र वाचन किंवा अभ्यासिका माडीवर. मांडण्या खोलीच्या मधोमध न ठेवता तुळयांना आडव्या, भिंतींच्या बाजूला लावल्यानेही फरक पडतो, पण कोणती तुळई कुठून कुठे जाते हे कळल्याशिवाय स्वतःच्या मनाने ते करू नये.

इथे नदीकाठच्या गावांची मात्र पंचाईत होते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांत सापडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात कृष्णेचे पाणी शिरले. अशा गावात वजन खाली आणा हा सल्ला म्हणजे पुस्तके पाण्याच्या स्वाधीन करा असे सांगण्यासारखे आहे. पूररेषेतील वाचनालयाने नवे बांधकाम करताना पहिल्या मजल्याचा स्लॅबच ग्रंथभांडाराच्या भाराने बांधून घ्यावा, त्याला लोखंड जास्त लागेल हे आधीच मान्य करावे, आणि तळमजल्यावर वृत्तपत्रांची टेबले, देवघेवीची खिडकी, सभागृह अशा तासाभरात रिकाम्या करता येतील अशाच गोष्टी ठेवाव्यात. विजेचा मुख्य फलक आणि बॅटऱ्या मागच्या पुराच्या रेषेपेक्षा वर असाव्यात. नवा स्लॅब शक्य नसेल तर निदान दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते आणि दाखल नोंदवह्या एवढे तरी वर न्यावे. त्यांचे वजन सोसण्याजोगे असते. फळ्या गच्च भरू नयेत, हेही इथे सांगितले पाहिजे. भिजलेले पुस्तक फुगते आणि गच्च भरलेल्या फळीवरची फुगलेली पुस्तके हाताने निघत नाहीत, मांडणी वाकवतात.

किती जागा हवी

ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचे पाचवे सूत्र आपण वर्धापनदिनाच्या भाषणात म्हणतो आणि इमारतीचा आराखडा करताना विसरतो. हिशेब अवघड नाही. ग्रंथसंख्या ४० हजार असेल आणि तीन फुटी फळीवर सरासरी ५० पुस्तके मावत असतील तर ८०० भरगच्च फळ्या होतात. पण फळीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायचा, म्हणून १,०७० फळ्या, म्हणजे बारा फळ्यांच्या ९० मांडण्या. प्रत्येकीला साडेतेरा चौरस फूट धरून सुमारे १,२०० चौरस फूट, आणि मुख्य वाटा, खांब, जिना यांची जागा त्याहून वेगळी. आता दरवर्षी किती ग्रंथ दाखल होतात आणि किती बाद होतात याचा गेल्या दहा वर्षांचा आकडा काढावा आणि पुढच्या वीस वर्षांची वाढ त्यात मिळवावी. हे करताना जीर्ण आणि कोणी न मागितलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून बाद करण्याचा, विषय आपोआप पुढे येतो. इमारत वाढवण्यापूर्वी तो एकदा मिटवावा, कारण चौथ्या प्रतीसाठी कोणी स्लॅब बांधत नाही.

वाचकासाठी टेबल, खुर्ची आणि हालचाल मिळून २५ चौरस फूट धरावे. चाकाच्या खुर्चीसाठी मुख्य दार किमान तीन फूट मोकळे हवे, रॅम्प एकास बारा या उताराचा हवा, म्हणजे दोन फूट उंच जोत्याला चोवीस फूट लांबीचा. जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलेला रॅम्प फक्त मोटारसायकल चढवायला उपयोगी पडतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारतींना लागू आहे, आणि कायद्याचे सोडले तरी आपले सर्वात नियमित वर्गणीदार सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्यासाठी देवघेव विभाग तळमजल्यावर असावा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा आणि सर्वात खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर असावी. तेवढ्याने वाकणेही कमी होते आणि फरशी धुतानाचे पाणीही पुस्तकापर्यंत जात नाही.

अभ्यासिका ही अलीकडच्या काळातील सगळ्यात मोठी मागणी आहे. स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी सहाला येतात आणि रात्री अकराला जातात, त्यांना पुस्तकांपेक्षा शांत जागा, प्लग, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय हवे असते. अभ्यासिकेला रस्त्यावरून वेगळे प्रवेशद्वार, शक्य तर वेगळा जिना आणि वेगळा वीजमीटर द्यावा. तसे न केल्यास ग्रंथविभाग बंद असतानाही इमारत उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यासाठी एक सेवक जास्त लागतो. मुलींसाठीचे शौचालय अभ्यासिकेच्याच मजल्यावर असावे. अंधाऱ्या बोळातून मागच्या अंगणात जावे लागणार असेल तर मुली त्या अभ्यासिकेत येत नाहीत आणि का येत नाहीत हे कोणी सांगतही नाही.

उजेडासाठी उत्तरेच्या खिडक्या उत्तम. पश्चिमेची भिंत जिना, शौचालय, सामानाची खोली यांना द्यावी, कारण तिथे दुपारचे ऊन आणि आपल्याकडचा बहुतेक पाऊस दोन्ही येतात. मांडण्या खिडकीला काटकोनात लावाव्यात म्हणजे दोन मांडण्यांमधल्या वाटेत उजेड जातो. खिडकीला पाठ करून लावलेली मांडणी उजेड अडवते आणि उन्हाने तिच्यातल्या पुस्तकांच्या पाठी पांढऱ्या पडतात. भिंतीलगतच्या कपाटामागे हात जाईल एवढी पोकळी सोडावी. वातानुकूलन ग्रंथभांडारात बसवण्याचा मोह टाळावा. दिवसा आठ तास थंड आणि रात्री बंद अशा खोलीत भिंतींना आणि पुठ्ठ्यांना घाम सुटतो, आणि त्यापेक्षा चांगली हवा खेळणारी, समोरासमोर झडपा असलेली खोली पुस्तकांना मानवते.

कागद आणि पैसा

बहुतेक वाचनालये १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. म्हणून विकासकाशी बोलणी सुरू करण्यापूर्वी हे पक्के ठाऊक असावे की मिळकत विकणे, दीर्घ मुदतीने भाड्याने देणे किंवा संस्थेसाठी कर्ज काढणे यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मिळकत पत्रिका कोणाच्या नावावर आहे ते पाहावे; जागा नगरपालिकेची असेल तर भाडेपट्टा काढून त्यातील मुदत आणि बांधकामाची अट वाचावी. दुरुस्ती आणि वाढीव बांधकाम यांतील फरक नगररचना विभागात आधी विचारून घ्यावा, आणि इमारत वारसा यादीत असल्यास रंग बदलण्यापूर्वीही विचारावे.

पैशाच्या वाटा तीन-चार आहेत. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडून येणारे परिरक्षण अनुदान वेतन, ग्रंथ आणि दैनंदिन खर्चासाठी असते, त्यातून इमारत होत नाही. इमारत व साधनसामग्रीसाठीच्या अनुदानाची तरतूद १९७० च्या नियमांत स्वतंत्र आहे. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून जागा वाढवण्यासाठी आणि मांडण्यांसाठी सहाय्य मिळू शकते. या दोन्हींची चालू परिस्थिती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन समजून घ्यावी. खासदार-आमदारांचा स्थानिक विकास निधी हा आणखी एक मार्ग. तळमजल्यावर गाळे काढून भाड्याने देण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, पण भट्टी, तळण, रसायने आणि फटाके यांचा गाळा कितीही भाडे आले तरी देऊ नये, आणि गाळ्यांची वीजजोडणी ग्रंथालयाच्या जोडणीपासून पूर्णपणे वेगळी असावी.

नवा भाग जुन्याला जोडताना

मजला चढवणे स्वस्त वाटते, कारण जमीन विकत घ्यावी लागत नाही. पण जुना पाया नवा मजला पेलेल की नाही हे पाया उघडून पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये आणि आपणही ते ऐकून घेऊ नये. शेजारी मोकळी जागा असेल तर आडवी वाढ बरी. ती करताना नव्या भागाचा पाया जुन्या भिंतीला खेटून, एका दमात सबंध लांबीभर खणू देऊ नये. तीन-चार फुटांचे तुकडे सोडून सोडून खणावेत, नाहीतर जुन्या भिंतीखालची माती खड्ड्यात सरकते. नवे आणि जुने बांधकाम एकमेकांत गुंतवू नये. नवा भाग पहिल्या काही वर्षांत थोडा खचणारच, जुना केव्हाच खचून स्थिरावलेला असतो. दोन्हींना एक स्लॅब घातला तर तडा हमखास जातो. मध्ये इंच-दोन इंचांचा सांधा ठेवावा आणि त्यावर पाणी जाऊ न देणारी पट्टी बसवावी, कारण आडव्या वाढीच्या इमारती गळतात त्या याच ठिकाणी. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हा सांधा आणखी महत्त्वाचा, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

बांधकाम निघालेच आहे तर वाळवीचा बंदोबस्त त्याच वेळी करावा. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात फूटभर अंतरावर भोके पाडून औषध सोडतात. फरशी बसल्यावर हे काम करणे म्हणजे नव्या फरशीला भोके पाडणे. जुनी वायरिंग पूर्ण बदलावी, प्रत्येक विभागाला वेगळा खटका आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे यंत्र बसवावे, आणि बाहेर पडताना सगळे ग्रंथविभाग एकाच ठिकाणाहून बंद करता येतील अशी सोय करावी. आगीसाठी कोरड्या पावडरीची आणि कार्बन डायऑक्साइडची नळकांडी दाराजवळ ठेवावीत, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात नव्हे.

काम चालू असताना

वाचनालय पूर्ण बंद ठेवू नये. सहा महिने बंद राहिलेल्या वाचनालयाचे वर्गणीदार परत येत नाहीत, हे आम्ही पहिल्या वेळी पाहिले. दुसऱ्या वेळी आम्ही शेजारच्या शाळेचा एक वर्ग सायंकाळपुरता मागून घेतला, मागणी असलेली तीन हजार पुस्तके आणि दैनिके तिथे नेली आणि देवघेव एक दिवसही थांबवली नाही.

बाकीची पुस्तके हलवणे ही स्वतंत्र मोहीम आहे. पोती वापरू नयेत. त्यात पुस्तकांचे कोपरे मोडतात. तीसेक पुस्तके मावतील असे मध्यम खोके घ्यावे, म्हणजे वजन बारा-पंधरा किलोंत राहते आणि एक माणूस ते उचलू शकतो. ४० हजार पुस्तकांना अशी साडेतेराशे खोकी लागतात. प्रत्येक मांडणीला अक्षर आणि प्रत्येक फळीला आकडा द्यावा, खोक्यावर समोरच्या बाजूला ‘छ-४, दोनपैकी पहिले’ अशी नोंद करावी, रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक फळीचा फोटो काढावा. खोके बंद करताना पुस्तके दाखल नोंदवहीशी ताडून घेतली, तर वर्षानुवर्षे राहिलेली ग्रंथमोजणीही याच श्रमात होऊन जाते. खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी फळकुटांवर ठेवावीत आणि धूळ बसू नये म्हणून वरून सुती चादरी घालाव्यात. प्लास्टिक घातले तर आत दमटपणा धरतो.

कंत्राटदाराशी करार बाबवार, म्हणजे प्रत्येक कामाच्या वेगळ्या, दराने करावा आणि देयक मोजमाप घेऊनच द्यावे. गच्ची, छप्पर आणि सांधे यांच्या कामातली काही रक्कम राखून ठेवावी आणि ती एक संपूर्ण पावसाळा गेल्यावर द्यावी, ही अट निविदेतच घालावी. नंतर घातली तर भांडण होते. मंडळातील एकाच व्यक्तीने सूचना द्याव्यात. आमच्याकडे सुरुवातीला सातही सभासद जाता येता गवंड्याला काही ना काही सांगत आणि एका खिडकीची उंची तीनदा बदलली.

गिलावा आणि रंग झाल्याबरोबर पुस्तके आत आणण्याची घाई सर्वांनाच असते. त्याआधी दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी काढावा. आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. पंखे चालू ठेवून, खिडक्या उघड्या ठेवून आणखी पंधरा दिवस थांबावे आणि पुन्हा तुकडा चिकटवावा. आमच्या उत्तरेच्या भिंतीने अशी तीन वेळा वाट पाहायला लावली.

पुस्तके परत लागल्यावर दोन कामे उरतात. अभियंत्याने दिलेला सुरक्षित भाराचा आकडा, ‘या खोलीत जास्तीत जास्त इतक्या मांडण्या’ अशा सोप्या भाषेत, प्रत्येक ग्रंथदालनाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून घ्यावा, कारण दहा वर्षांनी येणारे मंडळ अहवाल वाचणार नाही. आणि नकाशे, नळांचे व वायरींचे मार्ग, चाचण्यांचे अहवाल, काम उघडे असताना काढलेले फोटो हे सगळे एकत्र बांधून त्या खंडाला दाखलांक द्यावा आणि संदर्भ विभागात ठेवावा. आमच्याकडचा तो खंड मोटारीच्या पाण्याची वाहिनी शोधण्यासाठी आतापर्यंत दोनदा बाहेर निघाला आहे, आणि दोन्ही वेळा प्लंबरने फरशी बरोबर जागी फोडली.